उसातलं पोर आणि रात्रीचा शॉट

हा संवाद कल्पित आहे. बोलणारे दोघेच. जुन्नर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, ज्यांनी नोकरीभर मुलांची नाटुकली बसवली; आणि त्यांचाच एक जुना विद्यार्थी, जो आता तुटपुंज्या पैशांत गावाकडचा भयपट काढायला निघालाय. बोलण्यात येणारे चित्रपट, त्यांतली माणसं आणि कायदे मात्र खरे आहेत. मुलांना कॅमेऱ्यापुढे उभं करण्याचा विषय आपल्याकडे निघतो तो रिॲलिटी शोच्या निमित्ताने. भयपटातल्या मुलांकडे कुणी बघत नाही, कारण मुळात भयपटच कुणी मनावर घेत नाही.

दिग्दर्शक : बाई, नियमात एक अट आहे. सेटवर जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती लागते. माझी मुलं चारच आहेत. तुमचं नाव घालू?

बाई : आधी सांग, मुलांनी करायचं काय?

दिग्दर्शक : तिघांनी काहीच नाही. उसाच्या कडेला उभं राहायचं, बघत राहायचं. चौथा सात वर्षांचा. तो उसातून पळत बाहेर येतो, मागे वळतो आणि किंचाळतो. रात्रीचा शॉट आहे. एकच रात्र परवडते मला. जनरेटर, लाइट, सगळं भाड्याचं.

बाई : किंचाळतो कशाला बघून?

दिग्दर्शक : तिथेच तर अडलंय. तालमीत किंचाळतो ते गॅदरिंगमधल्यासारखं. तोंड उघडं आणि डोळे हसतायत. म्हणून ठरवलंय, त्याला सांगायचंच नाही. पाचटात एक माणूस दबा धरून बसेल, पोरगा वळला की उठेल. एकच टेक, दोन सेकंदांचा. आई तयार आहे.

बाई : आणि पोरगा?

दिग्दर्शक : त्याला सांगितलं तर शॉटच गेला ना.

बाई : म्हणजे अभिनय नकोय तुला. पोर खरंच घाबरायला हवंय, कारण त्याला पैसे पडत नाहीत.

दिग्दर्शक : पैसे असते तर आठवडाभर थांबलो असतो. पण पैसेवाल्यांनीही हेच केलंय, बाई. १९३१ सालच्या ‘स्किपी’मध्ये जॅकी कूपरला रडूच येईना. दिग्दर्शक नॉर्मन टॉरोग, म्हणजे त्याच्या सख्ख्या मावशीचा नवरा. त्याने पोराला पटवलं की तुझ्या कुत्र्याला गोळी घातली. पोर असं रडलं की टॉरोगला ऑस्कर मिळालं आणि नऊ वर्षांच्या कूपरला अभिनयाचं नामांकन.

बाई : कूपरने पुढे आत्मचरित्र लिहिलं ना?

दिग्दर्शक : १९८१ मध्ये.

बाई : नाव काय त्याचं?

दिग्दर्शक : ‘प्लीज डोन्ट शूट माय डॉग’.

बाई : पन्नास वर्षांनी. आख्खं आयुष्य सांगायला बसला आणि वर नाव दिलं त्या एका दुपारचं. बक्षीस मिळालं रडवणाऱ्याला, हे तूच सांगितलंस.

दिग्दर्शक : ठीक. मग कुब्रिकचं काय करायचं? त्याने तर अख्खं शूटिंगभर खोटं सांगितलं. ‘द शायनिंग’मधल्या डॅनी लॉइडला कळूच दिलं नाही की आपण भयपटात आहोत. हॉटेलात राहणाऱ्या एका कुटुंबाची गोष्ट आहे, एवढंच त्याला ठाऊक. आई त्याला उचलून बापावर ओरडते त्या प्रसंगात तर हातात पोराऐवजी बाहुला होता. सगळे कुब्रिकचं कौतुक करतात. खोटं त्याचंही, माझंही. त्याचं चालतं, माझं का नाही?

(हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मुलांशी खोटं बोलायचंच नाही असा नियम बाईंनी केला, तर कुब्रिकही त्यात सापडतो. आणि वर्गात, घरात, दवाखान्यात रोज मुलांशी गोड बोलून वेळ मारून नेणारे आपण सगळेही.)

बाई : त्याच्या खोट्याने पोर भीतीपासून लांब राहिलं. तुझ्या खोट्याने पोर भीतीच्या तोंडी जाणार.

दिग्दर्शक : हा परिणामाचा हिशेब झाला. म्हणजे खोटं बोलणं वाईट नाही, वाईट परिणाम वाईट. मग मीही म्हणेन, दोन सेकंद दचकेल, पाठोपाठ आइस्क्रीम देऊ, विसरून जाईल. परिणाम शून्य.

बाई : तू मोजतोयस ते दोन सेकंद. कूपरला कुत्रा तर लगेच परत मिळाला असणार. तो काय विसरला नाही? माझ्या माणसाने, माझ्या घरच्या माणसाने, मला मुद्दाम रडवलं आणि तेव्हा बाकीचे उभं राहून बघत होते, हे. डॅनी लॉइड मोठा झाल्यावर त्याला कळलं, आपण केवढ्या भयंकर सिनेमात होतो. त्याला गंमत वाटली असेल, नवल वाटलं असेल. आपल्यावर कुणी डाव टाकला असं वाटायचं कारण नव्हतं. तो पुढे जीवशास्त्राचा प्राध्यापक झाला, सिनेमा सोडून. तुझ्या पोराला उद्या कळलं की त्या रात्री आईला माहीत होतं, तर?

दिग्दर्शक : उद्या कशाला, त्याच रात्री कळणार. सगळे टाळ्या वाजवतील.

बाई : हो. आणि तो सगळ्यांची तोंडं बघेल.

दिग्दर्शक : बाई, पण मुलांना घाबरायला आवडतं हो! दिवाळीच्या सुट्टीत तुम्हीच आम्हाला मुंज्याची गोष्ट सांगायचात. वाड्यामागच्या पिंपळाखालून रात्री जायची पैज लावायचो आम्ही.

बाई : लावायचात. आणि मध्येच कुणाची फाटली की तो काय करायचा?

दिग्दर्शक : टॅम्प्लीज म्हणायचा.

बाई : खेळ जागच्या जागी थांबायचा. सगळ्यांत लहान पोरानेही टॅम्प्लीज म्हटलं तरी थांबायचा. चिडवायचात तुम्ही, पण थांबायचात. तुझ्या उसात ती सोय कुठे आहे?

दिग्दर्शक : खरं सांगू? सोय ठेवली तरी ती खोटी असेल. रात्रीचा एक वाजलाय, जनरेटरचं मीटर पळतंय, वीस माणसं जागी आहेत आणि पोर म्हणतं, नको. मी रागावणार नाही. मी गोड बोलेन. आई गोड बोलेल. चौथ्यांदा विचारल्यावर पोर ‘हो’ म्हणेल. नियमातही लिहिलंय, मुलाच्या इच्छेविरुद्ध काम घ्यायचं नाही. पण सात वर्षांच्या पोराची इच्छा आम्ही वीस जण मिळून हवी तशी वळवू शकतो.

(कमी पैशांच्या सिनेमाबद्दल इतकं प्रांजळ बोलणं क्वचित ऐकू येतं. गरिबीला धाडस म्हणून मिरवायची सवयच लागली आहे.)

बाई : रात्रीचा एक? नियम किती तास सांगतो?

दिग्दर्शक : दिवसाला पाच तास, सलग तीनपेक्षा जास्त नाही. सलग सत्तावीस दिवसांच्या वर काम नाही. जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी. मुलाच्या कमाईतला किमान वीस टक्के भाग त्याच्या नावावर मुदत ठेवीत. १९८६ चा बालकामगार कायदा, २०१६ ची दुरुस्ती, २०१७ चे नियम. पाठ आहे सगळं. माझ्यासारखे बरेच जण परवानगीच्या वाटेलाच जात नाहीत. गावातली पोरं, गावातलं शेत, कोण विचारतंय?

बाई : अमेरिकेत विचारणारे होते, तरीही टाळलंच की. ‘ट्वायलाइट झोन’. १९८२ चा जुलै. व्हिएतनाममधल्या खेड्याचा सेट, रात्री दोननंतरची वेळ. सहा-सात वर्षांची दोन मुलं, कागदोपत्री नाव नाही, पैसे रोख. एवढ्या रात्रीची परवानगी मिळणार नाही हे माहीत होतं, म्हणून मागितलीच नाही. स्फोटांमुळे हेलिकॉप्टर खाली कोसळलं. दोन्ही मुलं आणि त्यांना उचलून नेणारा नट, तिघेही गेले. १९८७ मध्ये दिग्दर्शकासह पाचही आरोपी निर्दोष सुटले. त्या सिनेमाला पैशांची ददात नव्हती. परवानगी टाळायला पैसा कमी असावा लागतो असं नाही.

दिग्दर्शक : माझ्याकडे हेलिकॉप्टर नाही.

बाई : तुझ्याकडे ऊस आहे. जुन्नरच्या उसात रात्री काय असतं ते मुंबईच्या माणसांना सांगायचं विसरलास काय? बिबट्या उसातच पिल्लं घालतो. इथलं पोर भुताला भीत नाही. उसात पाचट वाजलं आणि काहीतरी उठलं, तर त्याला ते भूत वाटणारच नाही. तू त्याला सिनेमाची भीती दाखवायला जाशील आणि त्याला खरीखुरी दाखवशील.

दिग्दर्शक : …हे माझ्या डोक्यात नव्हतं आलं.

बाई : आणि त्या तिघांत मुलगी आहे?

दिग्दर्शक : आहे. दहा वर्षांची. मोकळे केस, पांढरा परकर. तिला काहीच धोका नाही, नुसती उभी राहणार.

बाई : राहायला कुठे ती? मुंबईला की इथेच?

दिग्दर्शक : इथेच, वाडीवर.

बाई : मग पोस्टर लागलं की शाळेतली पोरं तिला हडळ म्हणणार. ती पाच वर्षांनी जत्रेत चक्कर येऊन पडली तर गाव काय म्हणेल? जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये झाला, म्हणून अंगात यायचं थांबलं का? शहरातली मुलगी भूत होते आणि घरी जाते. ही मुलगी जिथे भूत होणार, तिथेच तिला पुढे राहायचंय, लग्नाला उभं राहायचंय.

दिग्दर्शक : मग गावाकडच्या भयपटात गावातली मुलं घ्यायचीच नाहीत? सगळी अंधेरीहून आणायची आणि त्यांना ‘पाचट’ म्हणायला शिकवायचं?

बाई : तसं मी म्हणत नाही. केस बांधून, नेहमीच्या शाळेच्या गणवेशात उभी कर. नुसती बघणारी मुलगी. पटकथेत ती भूत आहे असं कशाला लिहायला हवं?

दिग्दर्शक : (थोडं थांबून) खरं तर ते जास्त भीतीदायक होईल. ‘चिल्ड्रन ऑफ द कॉर्न’मध्ये तेच आहे. १९८४ चा, सुमारे आठ लाख डॉलरचा सिनेमा, आयोवातल्या मक्याच्या शेतात काढलेला. त्यातली मुलं अंगावर येतात ती घाबरलेली असल्यामुळे नव्हे. ती शांत असतात म्हणून. आणि त्या टोळीचा जो म्होरक्या, आयझॅक, तो मुळात पोर नव्हताच. जॉन फ्रँकलिन चोविशीचा होता, चणीने लहान. त्याच्याकडून हवं ते करून घेता आलं.

बाई : आपल्या ‘तुंबाड’मध्ये याच्या उलट आहे. ती म्हातारी आजी कुणी केली माहीत आहे ना?

दिग्दर्शक : मोहम्मद समदने. पांडुरंग करणाऱ्या पोरानेच. चेहऱ्यावर ढीगभर प्रॉस्थेटिक.

बाई : तेच म्हणते मी. तो आपल्याला घाबरवत होता. युक्ती काय आहे ते त्याला ठाऊक होतं. मुखवट्याआड बसलेल्या पोराला सगळं कळत असतं, आणि तुझ्या उसातल्या पोराला सोडून बाकी सगळ्यांना कळणार आहे. माझी हरकत रात्रीला आहेच, पण त्याहून जास्त ह्याला आहे. त्या पोराला तुझ्या बाजूला घे. पाचटातल्या माणसाचा चेहरा त्यालाच रंगवू दे. कुठे बसायचं ते त्यालाच ठरवू दे.

दिग्दर्शक : मग तो घाबरेल कसा?

बाई : नाही घाबरणार कदाचित. नाटकात मात्र मी उलटं बघितलंय. आता भूत उठणार हे माहीत असलेलं पोर आधीपासून अंग चोरतं, श्वास धरतं. किंचाळी नाही जमली तर नाही जमली. आवाज नंतर घाल.

दिग्दर्शक : खरी किंचाळी ती खरी किंचाळी, बाई. डबिंगमध्ये ती येत नाही. माझा सिनेमा थोडा कमी पडेल.

बाई : पडेल. मी नाही म्हणत नाही.

(बाईंनी इथे कबुली दिली हे मला महत्त्वाचं वाटतं. मुलांना जपलं की कलाही आपोआप उंचावते असं सांगणारे बरेच भेटतात. ‘स्किपी’तलं रडणं नकली नव्हतं आणि पडद्यावर ते दिसतं. किंमत मोजली गेली आणि मालही चोख मिळाला, म्हणून तर हा पेच आहे.)

दिग्दर्शक : एक विचारू? रागावू नका. महिनाभरात त्याच शेतात तोडणी सुरू होईल. टोळी येईल. नवरा-बायकोचा एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि खोपीत तान्ह्याला सांभाळणारी आठ वर्षांची बहीण. थोडा मोठा मुलगा मोळ्या वाहतो. त्याचे तास कोण मोजतं? त्याचे वीस टक्के कोणत्या बँकेत जातात? माझ्या पोराला दोन सेकंद दचकवलं तर दंडाधिकारी, आणि त्याच सरीत तो मुलगा हंगामभर हात कापून घेतो तेव्हा कुणीच नाही.

बाई : साखरशाळेवर जाऊन आलेय मी. मला हे सांगू नकोस.

दिग्दर्शक : पण उत्तर द्या.

बाई : उत्तर नाही माझ्याकडे. तुझ्या सिनेमात तो मुलगा आहे का?

दिग्दर्शक : नाही.

बाई : मग त्याला आत्ता मध्ये आणू नकोस. तुझं काम सोपं करायला तू त्याला आणतोयस.

दिग्दर्शक : …बरं. मग नाव घालू का तुमचं?

बाई : घाल. पण मी ‘बंद’ म्हटलं की कॅमेरा बंद. लिहून दे.

दिग्दर्शक : निर्माता ते लिहून देणार नाही. आणि तुम्ही नाही म्हणालात तर तो एखाद्या ओळखीच्या माणसाचं नाव घालेल. तो माणूस मोबाइल बघत बसेल. शॉट तर होणारच आहे, बाई.

बाई : म्हणजे अटीवर अडून बसले तर पोर एकटं पडतं, आणि अट सोडली तर तुमच्या कागदावर माझी सही.

दिग्दर्शक : असंच काहीसं.

बाई : शूटिंग कधी?

दिग्दर्शक : पुढच्या शनिवारी.

बाई : संध्याकाळी सहाला सुरू कर. अंधार लवकर पडतो हल्ली. नऊच्या आत पोरं घरी. ज्या शेताच्या तिन्ही बाजूंचा ऊस तुटलाय असं शेत बघ, आणि वनखात्याला कळव. निर्मात्याचा नंबर दे, मी बोलते. सही करीन असं अजून म्हटलेलं नाही. आणि उद्या त्या पोराच्या आईला घेऊन ये. तिला किती पैसे सांगितलेत, ते मला तिच्या तोंडून ऐकायचंय.