ताटावरचा हट्ट कोणाचा?



मागच्या महिन्यात रविवारची मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात एक तरुण आई आपल्या मुलाला इडली भरवत होती. मुलगा तोंड घट्ट मिटून उभा होता. आम्ही चार-पाच बायका भोवती होतोच. एकीने सल्ला दिला, "दोन दिवस उपाशी ठेव, तिसऱ्या दिवशी मुकाट खाईल." दुसरी म्हणाली, "लाड केले की असंच होतं." ती आई कसनुशी हसली. मी मात्र काही बोलले नाही. बोलायला हवे होते, कारण हेच वाक्य सात वर्षांपूर्वी मी बोलले होते, आणि नुसते बोलले नव्हते, करून दाखवले होते.

माझा धाकटा भाऊ नाशिकला राहतो. त्याचा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. तो पाचच पदार्थ खायचा. कोमट पांढरा भात, एकाच कंपनीची ग्लुकोज बिस्किटे, एकही काळा डाग न पडलेली पोळी, बटाट्याचे वेफर्स आणि ठरलेल्या पेल्यातले दूध. वरण नाही, भाजी नाही, अंडे नाही, फळ नाही. बिस्किटाच्या पुड्याचे वेष्टण बदलले तरी तो हात लावत नसे. वहिनी रडकुंडीला आलेली. मी तीस वर्षे शाळेत शिकवलेली बाई, हजारो डबे पाहिलेले. मी भावाला फोनवर म्हटले, "मे महिन्यात पोरगं माझ्याकडे पाठव. आठ दिवसांत सरळ करते."

आमचे हे अलिबागकडचे, त्यामुळे खांदा कॉलनीतल्या आमच्या घरात मासळी नित्याची. पहिल्याच दुपारी भात आणि मांदेलीचे कालवण वाढले आणि सांगितले, "संपल्याशिवाय उठायचं नाही." तो एक वाजल्यापासून चार वाजेपर्यंत बसून राहिला. ओरडला नाही, रडलाही नाही. रात्री तेच, आणि सकाळी बिस्किटे कपाटात बंद. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याची हनुवटी धरली आणि एक घास आत घातला. त्याला ताटातच उलटी झाली. माझ्याकडे पाहून तो म्हणाला, "आत्या, मी पुसतो."

त्या दिवसापासून त्याने भात सोडला. नाशिकला गेल्यावरही आठ महिने त्याने भाताला तोंड लावले नाही. मी त्याला नवे काही खायला शिकवायला निघाले होते आणि त्याच्या पाच पदार्थांतला एक मीच काढून घेतला.

पुढे नाशिकच्या बालरोगतज्ज्ञांनी त्याला बालमानसोपचार तज्ज्ञांकडे पाठवले आणि तेव्हा या गोष्टीला नाव आहे हे आम्हाला कळले. इंग्रजीत त्याला 'अव्हॉयडंट रिस्ट्रिक्टिव्ह फूड इनटेक डिसऑर्डर' म्हणतात, थोडक्यात 'आर्फिड'. अन्न टाळण्याचा आणि आहार आक्रसत जाण्याचा विकार. अमेरिकन मानसोपचार तज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या निदानाच्या ग्रंथात हे नाव घातले. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या रोगसूचीतही ते आले, आणि ती सूची २०२२ पासून लागू झाली. म्हणजे नाव अगदी अलीकडचे आहे. आजार मात्र जुनाच असणार. आमच्या शाळेत रोज भरलेला डबा तसाच परत नेणारी दोन-तीन मुले आज मला आठवतात. त्यांना मी काय काय बोलले असेन, ते आठवत नाही हेच बरे.

या विकारामागे डॉक्टर साधारण तीन कारणे सांगतात आणि एकाच व्यक्तीत ती एकत्रही असू शकतात. काहींना अन्नाचा वास, रंग किंवा स्पर्श सहन होत नाही. आपल्याला कढईतली फोडणी खमंग लागते, त्यांना तोच वास मळमळ आणतो. काहींना भूकच फारशी लागत नाही, जेवण हे काम वाटते. आणि काहींना भीती असते. कधीतरी घास घशात अडकलेला असतो, जोराची उलटी झालेली असते, त्यानंतर गिळणे म्हणजे जिवावरचे संकट होऊन बसते. अशी भीती मोठ्या माणसांनाही बसते. बारीक होण्याच्या नादाने जेवण सोडणाऱ्या मुली आपण ऐकतो, तो वेगळा आजार. इथे वजनाचा किंवा दिसण्याचा प्रश्नच नसतो.

दोन ते सहा वर्षांची बरीच मुले नव्या पदार्थाला नाक मुरडतात आणि मोठी होता होता सुधारतात. त्यांच्या आयांनी हा लेख वाचून घाबरू नये. वजन घटू लागले, उंची थांबली, रक्तात कमतरता दिसू लागली, चक्कर येऊ लागली, खाण्याच्या यादीतले पदार्थ वाढण्याऐवजी गळू लागले, किंवा जेवणाच्या भीतीने मूल वाढदिवसाला आणि सहलीला जाईनासे झाले, तर मात्र तो नखरा समजू नये.

आता माझ्या मनातला खरा प्रश्न. आपल्याकडे अन्नाला नाही म्हणणे हा नुसता वाईट सवयीचा भाग नाही, तो दोष मानला जातो. जेवणाआधी आपण देवाचे आभार मानतो, प्रभूच्या प्रार्थनेत रोजची भाकर मागतो. मग दिलेली भाकर दूर सारणारे मूल कृतघ्न नव्हे का? आमच्या धर्मपरंपरेतही याला आधार सापडतो. पोप संत ग्रेगरी यांनी खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले, आणि फार खाणे हा त्यातला एकच. अन्नाबाबत अतिचोखंदळ असणे हाही त्यांनी खादाडपणातच धरला. संत थॉमस अक्वायनस यांनी ती यादी पुढे चालवली.

हे मी प्रथम वाचले तेव्हा मला वाटले, झाले, माझा भाचा पापी आणि मी बरोबर. पण जरा थांबून पाहिले तर तसे नाही. चोखंदळ खवय्या निवड करतो ती जिभेच्या सुखासाठी. त्याला पापलेट हवे असते, मांदेली नको असते. या मुलाला सुख कुठे आहे? त्याला पापलेटही नको आणि मांदेलीही नको. लग्नाच्या पंगतीत सगळी भावंडे हसतखेळत जेवतात आणि हा खिशातून बिस्किटाचा पुडा काढतो, तो काय चैन म्हणून? ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथाच्या १७३५व्या परिच्छेदात म्हटले आहे की भीती, सवय आणि मनाची इतर कारणे यांमुळे माणसाच्या कृत्याची जबाबदारी कमी होते, कधी कधी उरतही नाही. हे वाक्य मी धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना शिकवलेले होते. जेवणाच्या टेबलावर मात्र ते मला आठवले नाही.

सिएनाची संत कॅथरीन सगळ्यांना ठाऊक आहे. ती १३८० साली वयाच्या तेहतिसाव्या वर्षी वारली. शेवटची अनेक वर्षे तिला अन्न जात नसे, खाल्ले तर त्रास होई. लोक तिला ढोंगी म्हणत, चोरून खात असेल म्हणत, सैतानाची करणी म्हणत. तिने एका धर्मबंधूला लिहिलेल्या पत्रात सांगितले आहे की चार माणसांसारखे खाता यावे म्हणून ती देवाकडे प्रार्थना करत असे. तिला आजच्या एखाद्या आजाराचे नाव चिकटवणे बरोबर होणार नाही, तिच्या काळाची आणि व्रतांची गोष्टच निराळी. पण ज्याला खाता येत नाही त्याचीही खाण्याची इच्छा असू शकते, एवढे तिच्या पत्रातून कळते.

दुसरा आरोप भुकेचा. "मेळघाटातली पोरं बघ, त्यांना मिळत नाही, आणि तू टाकतोस!" हे मीही म्हटले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. ही लाजेचीच गोष्ट आहे. पण ती लाज मोठ्यांची. ती एका सात वर्षांच्या मुलाच्या ताटात वाढली म्हणून मेळघाटातल्या कुणाचे पोट भरत नाही, आणि याच्या घशाखालीही काही उतरत नाही.

बळजबरीने निदान पोटात तरी जाते, असे वाटणाऱ्यांसाठी एक प्रयोग सांगते. अमेरिकेत एमी गॅलोवे, लीअन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली तो प्रसिद्ध केला. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना सूप दिले. काही वेळा शेजारी बसलेल्या व्यक्तीने "सूप संपव" म्हणून सारखा आग्रह केला, काही वेळा केला नाही. आग्रह नव्हता तेव्हा मुलांनी अधिक खाल्ले आणि कुरकूरही कमी केली. ही साधी, निरोगी मुले होती. ज्याला मुळातच अन्नाची धास्ती आहे त्याच्यावर आग्रहाचे काय होत असेल, ते मी माझ्या स्वयंपाकघरात पाहिले आहे. अशी काही मुले उपाशी ठेवली तर खरोखरच उपाशी राहतात.

बळजबरी नाही तर मग युक्ती, असे बऱ्याच आया करतात. दुधात पावडर, पोळीच्या पिठात गाजर. साध्या हट्टी मुलाला ते चालून जाते, आणि आईला कोण बोल लावणार? पण अशा मुलाच्या बाबतीत मला ते फसवणूकच वाटते. त्याची जीभ आपल्यापेक्षा तिखट, त्याला पहिल्या घोटात कळते. वहिनीने एकदा दुधात प्रोटीनची पावडर मिसळली. पोराने पेला खाली ठेवला, आईकडे पाहिले आणि पुढे कित्येक दिवस दूध घेण्याआधी "काही घातलंय का?" असे विचारत राहिला. ज्या चार गोष्टींवर त्याचा विश्वास होता त्यातली आणखी एक हलली. वहिनीला मी म्हटले, उलटी करवण्यापेक्षा हे बरे. ती म्हणाली, "ताई, तुम्ही निदान समोरून केलं."

मग काय, त्याला हवे तेच देत राहायचे? तेही प्रेम नव्हे. २०१९ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी एका मुलाची हकिकत वैद्यकीय मासिकात प्रसिद्ध केली. तो वर्षानुवर्षे मुख्यतः बटाट्याचे तळलेले काप, वेफर्स आणि पांढरा पाव यांवर राहिला होता. वजन ठीक होते, म्हणून फार कुणाला काळजी वाटली नाही. बी-१२ आणि इतर पोषकद्रव्यांच्या अभावाने त्याच्या डोळ्यांच्या नसा खराब झाल्या आणि सतराव्या वर्षापर्यंत त्याची दृष्टी कायमची गेली. "खातोय ना काहीतरी" यावर समाधान मानणे किती महाग पडू शकते, ते यातून दिसते.

उपचार आहेत, पण ते सावकाश चालतात. आधी तपासणी. वजन, उंची, रक्त, बद्धकोष्ठ, गिळण्यात काही अडचण आहे का. प्रकृती फारच खालावली असेल तर रुग्णालयात ठेवून नळीनेही अन्न द्यावे लागते, त्यात कमीपणा काही नाही. नंतर खाण्याचे शिक्षण. ज्या पदार्थावर विश्वास आहे तो काढून घ्यायचा नाही, त्याच्या शेजारचा आणायचा. या बिस्किटावरून त्याच चवीच्या दुसऱ्या बिस्किटावर, तिथून घरच्या नानखटाईवर. नवा पदार्थ आधी टेबलावर नुसता असेल, मग ताटात, मग बोटाला, मग ओठाला. थुंकायची मुभा असते. भीतीही अशीच पायरीपायरीने कमी करतात. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या जेनिफर थॉमस आणि कॅम्रिन एडी यांनी मोठी मुले आणि प्रौढ यांच्यासाठी अशी पद्धत २०१९ साली पुस्तकरूपाने मांडली. तिला साधारण वीस ते तीस बैठका लागतात. लहान मुलांच्या बाबतीत आईवडिलांनाच शिकवावे लागते. जेवणाची वेळ आणि ताटात काय असेल ते मोठ्यांनी ठरवायचे, घास घ्यायचा की नाही ते मुलाने. माझ्यासारख्या बाईला हे फार जड गेले.

आपल्याकडे अशी शंका आली तर आधी आपल्या बालरोगतज्ज्ञांना विचारावे आणि 'खात नाही' एवढेच न सांगता आठ दिवसांत मुलाने काय काय खाल्ले ते कागदावर लिहून न्यावे. खांदेश्वरहून हार्बरने कुर्ला आणि तिथून परळ गाठले तर वाडिया हे खास मुलांचे मोठे रुग्णालय आहे. मनाच्या आजारांसाठी सरकारची 'टेलीमानस' ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तिथे मराठीत बोलता येते.

भाचा दहा वर्षांचा झाला तेव्हा प्रथम ख्रिस्तप्रसादाचा प्रश्न आला. पातळ, कोरडी, टाळूला चिकटणारी ती ओस्ती तो तोंडात कशी घेणार? वहिनीला वाटले, पोराला वगळतील. तिथल्या फादरांनी तिला दोन गोष्टी सांगितल्या. ओस्तीच्या लहानशा कणातही ख्रिस्त पूर्ण असतो. आणि ख्रिस्तसभेच्या कायद्याच्या ९२५व्या कलमाप्रमाणे गरज पडल्यास नुसत्या द्राक्षारसाच्या रूपातही ख्रिस्तप्रसाद देता येतो. हे ऐकून ती दारातच रडली. धर्मशिक्षणाच्या सिस्टरांनी आशीर्वादित न केलेल्या थोड्या ओस्त्या घरी दिल्या. एक महिना ती नुसती ताटलीत राहिली. मग बोटावर. मग जिभेच्या टोकावर, तांदळाच्या दाण्याएवढी. तीन महिने गेले. त्या रविवारी फादरांनी तेवढाच कण मोडून दिला आणि त्याने तो घेतला. मी मागच्या बाकावर होते. माझ्या हातातला रुमाल मी पिळून काढला होता, एवढे आठवते.

आता तो चौदा वर्षांचा आहे. भात परत आला. एकूण सतरा पदार्थ झाले, वहिनी मोजते. या मे महिन्यात तो चार दिवस आमच्याकडे राहिला. यांनी पनवेलच्या बाजारातून मांदेली आणली होती, मी ती कुरकुरीत तळून मध्ये ठेवली आणि त्याच्यासाठी कोमट भात वेगळा वाढला. जेवता जेवता त्याने एक मांदेली उचलली, हुंगली, उलटसुलट करून पाहिली आणि पुन्हा ताटलीत ठेवली. मी त्याला एवढेच विचारले, "भात आणखी वाढू का रे?"

"थोडा," तो म्हणाला.