पिठीचा हिशेब

"वहिनी, उगाच घाट घालू नका. कुळथाची पिठी आणि भात, बस्स. आमची आई दहा मिनिटांत करायची. आणि पाकिटातलं काही नाही हं, सगळं घरचं."

माझे एक मावसदीर आमच्याकडे उतरले की हे ठरलेलं. माणूस प्रेमळ आहे, खाण्याच्या बाबतीत खरंच फार मागण्या नाहीत. तरी या बोलण्यातलं काहीतरी मला दर वेळी खुपतं, आणि परवा पिठी ढवळता ढवळता ते काय आहे ते उमगलं. 'दहा मिनिटांत' आणि 'सगळं घरचं' ही दोन्ही विधानं एका दमात करता येत नाहीत. एक धरावं तर दुसऱ्याचा हिशेब लागत नाही.

स्वयंपाक हेही काम आहे, त्याची मोजदाद कोणी करत नाही, आणि त्यातलं सगळ्यांत जड ओझं म्हणजे 'आज रात्री काय करू' हा प्रश्न, हे आता रविवारच्या पुरवण्यांनी इतक्यांदा सांगून झालंय की पुरुषमंडळीही माना डोलावतात. तो विषय सोडून देऊ. मला त्या दहा मिनिटांत रस आहे.

पिठी दहा मिनिटांत होते हे अगदी खरं. पातेलीत तेल तापवून ठेचलेला लसूण लालसर होऊ द्यायचा, हिरवी मिरची, हिंग, हळद घालायची. पीठ गार पाण्यात कालवून त्यावर ओतायचं, मीठ आणि दोन आमसुलं टाकायची. त्यानंतर मात्र फोन वाजला तरी हात थांबवायचा नाही. पहिली उकळी येईपर्यंत पळी फिरती हवी, नाहीतर पीठ तळाशी बसतं आणि गुठळ्या होतात. उकळी फुटली की कच्चट वास जातो, रंग जरा गडद होतो, पळीवरून धार सलग पडायला लागते. झाली पिठी. सोबत मऊ भात, आणि सुका बांगडा भाजलेला असेल तर बघायलाच नको.

आता ते पीठ. भात कापल्यावर जमिनीत जी ओल उरते तिच्यावर कोकणात कुळीथ येतो. झोडून, वाळवून घरात आला की निवडायचा. खडे इतके बारीक आणि रंगाने इतके सारखे, की उजेडाला बसल्याशिवाय दिसत नाहीत. मग मंद आचेवर भाजायचा, कारण करपला तर तो डबा संपेपर्यंत पिठी कडवट. भाजलेला कुळीथ जात्यावर भरडायचा, सुपात पाखडून टरफलं उडवायची, उरलेली डाळ पुन्हा बारीक दळायची. आमच्या मावससासूबाई कुडाळजवळच्या घरात हे सगळं पावसाच्या आत उरकायच्या. त्याच दिवसांत रातांबे यायचे. ते फोडून, सालं त्यांच्याच रसात भिजवून उन्हात टाकायची, सुकली की पुन्हा भिजवायची, पुन्हा सुकवायची. अशी कितीतरी उन्हं खाल्ली की मग ते काळं आमसूल होतं. पुतणे, भाचे, दीर, आला-गेला, सगळ्यांना दहा मिनिटांत ताट मिळायचं ते या जोरावर.

रात्रीच्या जेवणात मला नेहमी दोन कामं दिसतात, एक त्या संध्याकाळचं आणि एक वर्षाचं. संध्याकाळचं सगळ्यांना दिसतं. वर्षाचं डब्यात जाऊन बसतं, आणि डब्यावर झाकण असतं. थालीपीठ पटकन होतं, कारण भाजणीतलं प्रत्येक धान्य कुणीतरी वेगवेगळं भाजलेलं असतं. बाजरीला आणि उडदाला लागणारा वेळ सारखा नसतो, एकत्र भाजायला गेलं तर काही कच्चं आणि काही काळं. पुढे गिरणीतही ताटकळायचं, कारण आधी कुणाचं काय दळलं गेलं यावर भाजणीची चव ठरते. पाककृतीच्या पुस्तकांचाही यात थोडा दोष आहे. 1970 साली कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याचं माप दिलं आणि नवख्या मुलींची फार मोठी सोय केली. पण वाटी मोजायची तर ती भरलेली असावी लागते. साहित्य या मथळ्याखाली एका ओळीत 'भाजणी 2 वाट्या' असं येतं, आणि घड्याळ तिथून सुरू होतं.

इथवर आल्यावर मी ठरवलं होतं की या वर्षाच्या कामाची बाजू घ्यायची आणि पाकीटवाल्यांना दोन शब्द सुनावायचे. दिरांच्या दुसऱ्या वाक्याने घोळ केला. पाकिटातलं काही नाही, असं ते म्हणत होते तेव्हा त्यांच्या हातात पापड होता. तो पाकिटातला होता.

पापडाची गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. 1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, त्याचं पुढे 'लिज्जत' झालं. मला त्या सालाची गंमत वाटते. हॉकिन्स आणि प्रेस्टीज या कुकरांचा आपल्याकडचा जन्मही त्याच सालचा. कोंडलेल्या वाफेत पाणी 100 ऐवजी 120 अंशांच्या आसपास उकळतं आणि तूरडाळ शिट्ट्यांच्या हिशेबात शिजते. त्याआधी वरणाला आधण ठेवून, हळद-हिंग नि तेलाचा थेंब घालून वाट बघत बसावं लागायचं, आणि जुनी डाळ असली तर बघतच राहावं लागायचं. कुकरातल्या भाताला चव नाही म्हणून कुरकुरणारे म्हातारे प्रत्येक घरात होते. पण कुकरातला भात घरचा नाही, असं त्यांच्यापैकी कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. कारखान्यात घडलेलं अॅल्युमिनियम स्वयंपाकघरात सुखाने नांदलं. त्याच्याही आधी दळण गिरणीत गेलं होतं, म्हणजे घरातलं सगळ्यांत कष्टाचं काम पैसे टाकून उंबऱ्याबाहेर पाठवलं होतं. भाकरी तरी घरचीच राहिली. जात्यावरच्या ओव्या गेल्या म्हणून आपण हळहळतो. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी त्या लाखाच्या वर गोळा केल्या, हे थोर काम झालं. पण ओवीसाठी पहाटे पुन्हा जात्याला बसलेली बाई मला अजून भेटायची आहे.

म्हणजे घरचं आणि बाजारचं यांच्यातली रेघ कायम सरकत आली आहे, आणि ती दर वेळी एखादं काम बाईच्या अंगावरून उतरल्यावरच सरकली आहे. मग पिठाच्या पाकिटापाशी येऊन तिने का अडावं?

हे मी दिरांना विचारलं. ते म्हणाले, "अहो, पण आपल्या माणसाचा हात लागतो ना!"

या उत्तराला माझ्याकडे उत्तर होतं, आणि ते त्यांच्याच घरातलं होतं. त्यांचे वडील परळच्या कापडगिरणीत होते. बायको-मुलं गावाला, हे इथे खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्यांतले एक. आयुष्याची बरीच वर्षं त्यांची रात्रीची भाकरी खाणावळीवाल्या बाईंकडची. गिरणगावात अशा कितीतरी बाया होत्या. चाळीच्या एका खोलीत स्वतःच्या पोरांबरोबर आठ-दहा कामगारांचं रांधायच्या, पगार झाला की पैसे घ्यायच्या, आणि मधल्या दिवसांत वाण्याची उधारी नि सावकाराचं व्याज सोसायच्या. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांसाठी, त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. हात लागायचा म्हणाल तर लागायचा. फक्त तो आपल्या माणसाचा नव्हता आणि त्याचा दर ठरलेला होता.

"ते अगदी घरच्यासारखंच असायचं, बाबा सांगायचे," दीर म्हणाले आणि पिठी आणखी वाढून घेतली. वाद तिथे संपला असं त्यांना वाटलं. मला वाटलं, आता कुठे सुरू झाला.

कारण मग माझ्यासमोर दोन बायका उभ्या राहिल्या. एक मावससासूबाई, ज्यांच्या वर्षाच्या कामाला कुणी दमडी दिली नाही आणि वरून 'दहा मिनिटांत करायची' हे प्रशस्तिपत्र दिलं. दुसरी ती खाणावळीवाली बाई, जिचं काम नुसतंच जेवण होतं, माया नव्हती, पण महिन्याच्या महिन्याला त्याचा हिशेब व्हायचा. मला पहिलीविषयी जिव्हाळा आहे. पण सोपं जेवण कुणाच्या जिवावर सोपं व्हावं असं विचाराल, तर मी दुसरीच्या बाजूने उभी राहीन. बचतगटाची पिठी घ्यावी, पोळी-भाजी केंद्रातल्या पोळ्या घ्याव्यात, वरण घरी करावं आणि त्या पानाला खुशाल घरचं म्हणावं.

यात एक अडचण आहे, ती लपवत नाही. केंद्रात पोळ्या लाटणारी बाई घरी गेल्यावर तिच्या पोरांसाठी कोण रांधतं? बहुधा तीच. आपली संध्याकाळ हलकी होते ती तिची लांबवून, आणि वर आपण दर पाडून मागतो. प्रदर्शनात बचतगटाच्या टेबलापाशी पाचेक मिनिटं उभं राहून बघा. साडीचा भाव निमूट देणारी बाई पिठीचं पाकीट हातात घेऊन म्हणते, "एवढे? पिठीच तर आहे!" हे दहा मिनिटांचंच गणित, फक्त दुसऱ्या तोंडून आलेलं. निवडणं, भाजणं, भरडणं, पाखडणं, दळणं यांचा दर लावला तर ते पाकीट आहे त्याच्या दुपटीने विकायला हवं. तसं झालं तर पिठी स्वस्त राहणार नाही, आणि मग ती साधीही म्हटली जाणार नाही. चालेल. मी तरी त्या टेबलापाशी घासाघीस सोडली आहे.

मेतकूट मात्र मी अजून घरी करते. डाळी, तांदूळ, गहू सगळं वेगवेगळं भाजते, गिरणीत जाऊन उभी राहते. वर एवढं सगळं लिहिल्यावर याचं समर्थन मला करता येणार नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानातल्या मेतकुटात मेथी फार असते, इतकंच.