परका मित्र

माझा पिंड भांडणाचा नाही. रिक्षावाल्याने मीटरपेक्षा दहा रुपये जास्त मागितले तर मी ते मुकाट्याने देतो आणि घरी येऊन देशाच्या नैतिक अधःपतनावर अर्धा तास बोलतो. अशा माणसाला कंपनीने २०१३ साली वर्षभरासाठी लंडनला धाडलं. निघण्यापूर्वी पुण्यातली सगळी कामं मी चोख उरकली. विजेचं बिल भरलं, वरच्या खोलीतला भाडेकरू सोडून गेला होता त्याचा हिशेब मिटवला, मेतकुटाची पुडी दोन पिशव्यांत बांधली आणि विमानात बसलो.

लंडनला ईस्ट हॅममध्ये एक लहानसं बिऱ्हाड मिळालं. अनामत ९०० पौंड. सहा पानी करार, प्रत्येक पानावर माझी सही. किल्ली परत केल्यापासून दहा दिवसांत अनामत परत, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं. मालक मोठा गोड माणूस. वर्ष संपत आलं तेव्हा त्याने आपुलकीने विचारलं, "परत केव्हा निघताय?" मी तारीख सांगितली. किल्ली दिल्यानंतरचे तीन आठवडे एका सहकाऱ्याकडे काढायचे होते, तेही सांगितलं. एवढी विचारपूस आमच्या सोसायटीचे सेक्रेटरीही करत नाहीत.

दहाव्या दिवशी त्याची चिठ्ठी आली. ९०० पैकी ५०० पौंड कापले होते. कारण : गालिच्याला मसाल्याचा वास. पावती वगैरे काही नाही.

मी पुण्याला फोन लावला. सौ. म्हणाली, "अहो, तुम्हाला फोडणी धड देता येत नाही, वास कसला लागणार?" बचावाचा हा मुद्दा बिनतोड होता, पण कोर्टात मांडण्याजोगा नव्हता.

कोर्ट! नुसत्या शब्दानेच मला घाम फुटला. आपण पाहुणे. परक्या मुलुखात येऊन त्यांच्याच माणसाशी भांडायचं? उद्या व्हिसावर काही शेरा आला तर? शिवाय विमानाचं तिकीट हातात. गेले पैसे, असं म्हणून मी गप्प बसणारच होतो. पण कोपऱ्यावरच्या दुकानातले गुजराती काका म्हणाले, "भाई, रडायचं असेल तर पुण्याला जाऊन रड. इथे आधी विचारून तर ये." आणि त्यांनी मला 'सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस'चा पत्ता दिला. ही फुकट सल्ला देणारी संस्था इंग्लंडात १९३९ पासून आहे.

तिथल्या बाईंनी तीन प्रश्न विचारले. करार आहे का? पैसे भरल्याचा पुरावा आहे का? अनामत सरकारमान्य योजनेत ठेवली होती का? तुम्ही कुठले, हे त्यांनी विचारलंच नाही. मीच आपणहून सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "त्याचा इथे काय संबंध?"

मग कळलं की २००७ पासून तिथे भाडेकरूची अनामत मालकाला खिशात ठेवता येत नाही. ती तीस दिवसांच्या आत मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित करावी लागते. केली नाही, तर कोर्ट त्याला अनामतीच्या एकपट ते तिप्पट रक्कम भाडेकरूला द्यायला लावू शकतं. आमच्या गोड माणसाने ती कुठेच ठेवलेली नव्हती. दहा हजार पौंडांपर्यंतचा दावा वकिलाशिवाय चालवता येतो, करारभंगाच्या दाव्याला सहा वर्षांची मुदत असते आणि व्हिसाशी या सगळ्याचा काडीचा संबंध नसतो.

मी पत्राचा मसुदा केला. त्यात 'नम्रपणे' हा शब्द चार वेळा होता. बाईंनी तो चारही वेळा खोडला. उरल्या पाच ओळी : रक्कम, तारीख, कराराचं कलम, चौदा दिवसांची मुदत, नाहीतर कोर्ट. नवव्या दिवशी ५०० पौंड खात्यात जमा. दंड मागायचा माझा हक्क होता, पण तेवढी छाती झाली नाही.

पुण्याला येऊन मी हा पराक्रम तिसऱ्यांदा सांगत होतो. "बदमाश माणसाने कायदा नाही बघितला. माझ्या तिकिटाची तारीख बघितली!" असं म्हणून मी टाळीसाठी हात पुढे केला, तोच चहा ठेवता ठेवता सौ. म्हणाली, "आणि आपल्या वरच्या खोलीतल्या त्या केनियाच्या मुलाच्या बारा हजारांचं काय?"

"ते रंगाचे कापले होते."

"रंग कुठे दिला?"

मी वर जाऊन पाहिलं. रंग दिलेला नव्हता. भिंतीला त्याने ठोकलेला एक खिळा होता आणि त्याला आमचंच कॅलेंडर लटकत होतं.

संध्याकाळी वकील मित्राकडे गेलो. खरं सांगतो, पळवाट शोधायलाच गेलो होतो. तो म्हणाला, "आपला कराराचा कायदा १८७२ चा. नुकसान झालं असेल तेवढंच मागता येतं. आणि परदेशी माणसाला आपल्या दिवाणी कोर्टात नागरिकासारखाच दावा लावता येतो. १९०८ च्या संहितेतलं कलम ८३. त्यात त्याला 'एलियन फ्रेंड' म्हटलंय. परका मित्र."

परका मित्र! त्या मुलालाही मी मोठ्या आपुलकीने विचारलं होतं, "केव्हा निघतोस रे?" त्याने तारीख सांगितली होती. बारा हजार कापले तेव्हा तो थोडा वेळ उभा राहिला आणि "ओके, अंकल" म्हणून जिना उतरला. त्याला पटलं असं मी धरून चाललो होतो. ईस्ट हॅमला मीही "ओके"च म्हणणार होतो, आणि मला पटलेलं मुळीच नव्हतं.

त्याचा चुलतभाऊ अजून पुण्यात शिकत होता. त्याच्या हाती बारा हजार दिले. आठ दिवसांनी नैरोबीहून ई-मेल आला : "अंकल, मी ते पैसे गेले असंच धरलं होतं. तुम्ही विसरला नाहीत, फार बरं वाटलं."

हा मेल मी अजून सौ.ला वाचून दाखवलेला नाही.