तिथी नसलेल्यांचें स्मरण

थोर पुरुषांच्या जयंत्या व पुण्यतिथ्या पाळाव्यात कीं नाहीं, याविषयीं आपल्या समाजांत फारसा वाद नाहीं. वाद उत्पन्न होतो तो त्याच्या पुढच्या पायरीवर. शहरांतली पहिली ट्राम कोणत्या दिवशीं धांवली, अमुक मैदानावर अमक्या खेळाडूनें किती धांवा काढल्या, असल्या गोष्टींचे दिवस वर्षानुवर्षें स्मरावेत काय? गंभीर प्रकृतीच्या कित्येक गृहस्थांना हा निव्वळ पोरखेळ वाटतो. राज्यें बुडालीं, तत्त्वासाठीं माणसें फांसावर चढलीं, ते दिवस ध्यानांत ठेवावयाचे सोडून ट्रामची आणि चेंडूफळीची कुंडली कशाला मांडावयाची, असें ते विचारतात. प्रश्न वाजवी आहे, आणि तो एका मुंबई शहरापुरता तरी नीट तपासून पाहावा असें आम्हांस वाटतें.

मुंबईच्या पंचांगांत असे दिवस विपुल आहेत. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास चौदा डब्यांची आगगाडी सुमारें चारशें पाहुण्यांसह निघाली, तेव्हां एकवीस तोफांची सलामी झाली. ९ मे १८७४ रोजीं घोड्यांची ट्राम सुरू झाली. ७ मे १९०७ रोजीं विजेची आली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं विजेवरची आगगाडी कुर्ल्यापर्यंत धांवली, आणि १५ जुलै १९२६ रोजीं शहरांत सार्वजनिक मोटारबस चालूं लागली. यांपैकीं एकाही दिवशीं कोणाचें राज्य आलें नाहीं कीं गेलें नाहीं. परंतु यांतील प्रत्येक दिवसानें सामान्य माणसाचा रोजचा दिवस पालटला. कचेरीपासून कोसभर दूर बिऱ्हाड करणें त्याला शक्य झालें. ज्याची जात ठाऊक नाहीं अशा अनोळखी माणसाशेजारीं खांद्याला खांदा लावून बसणें त्याला भाग पडलें. कित्येक लढायांनीं आपल्या घरगुती आयुष्यांत इतका पालट केलेला नाहीं. तेव्हां अशा गोष्टी लहान म्हणून क्षुल्लक ठरत नाहींत, आणि त्यांचे दिवस स्मरण्यांत पोरकटपणा नाहीं, हें प्रथम मान्य केलें पाहिजे.

मात्र येथें एक निराळीच अडचण उभी राहते. गंभीर गृहस्थांच्या आक्षेपाहून आम्हांस ती अधिक महत्त्वाची वाटते. दिनांक हा गोष्टीच्या दोन टोकांनाच चिकटतो. ट्रामचा आरंभ आम्हांला ठाऊक असतो आणि तिचा शेवटही. ३१ मार्च १९६४ रोजीं बोरीबंदराहून दादरकडे निघालेल्या शेवटच्या ट्रामला निरोप देण्यास लोकांची दाटी झाली होती. परंतु या दोन दिनांकांच्या मध्यें सुमारें नव्वद वर्षें पसरलेलीं आहेत. त्या वर्षांत उन्हापावसांत उभे राहून ज्यांनीं ट्राम हांकली, तिकिटें फाडलीं, रुळांत अडकलेला कचरा पहांटे काढला, त्यांच्या एकाही दिवसाला नांव नाहीं. गिरण्यांचेंही तसेंच. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला, हें पुस्तकांत सांपडतें. परंतु आपल्या चाळीला रोज जागें करणारा भोंगा शेवटचा कोणत्या सकाळीं वाजला, हें गिरणगांवांतल्या किती जणांना सांगतां येईल? जें एकदां घडतें त्याला दिनांक मिळतो. जें रोज घडतें त्याला मिळत नाहीं.

खेळाच्या बाबतींत ही गोष्ट अधिकच स्पष्ट दिसते, कारण दिनांक निर्माण करणें हा खेळाचा स्वभावच आहे. १ डिसेंबर १९२६ रोजीं मुंबई जिमखान्याच्या मैदानावर कर्नल सी. के. नायडू यांनीं गिलिगन यांच्या पाहुण्या संघाविरुद्ध हिंदू संघाकडून १५३ धांवा काढल्या. त्यांत अकरा षट्कार होते. त्याच मैदानावर १५ डिसेंबर १९३३ रोजीं हिंदुस्थानच्या भूमीवरील पहिला कसोटी सामना सुरू झाला, आणि तिसऱ्या दिवशीं लाला अमरनाथ यांनीं हिंदी खेळाडूचें पहिलें कसोटी शतक पुरें केलें. ते ११८ धांवांवर बाद झाले. सामना आपण हरलों, पण ते शतक कोणी विसरलें नाहीं. हे दिवस आठवून आनंद मानणाऱ्यास कोण दोष देईल? त्या जिमखान्याचें सभासदत्व त्या काळीं गोऱ्यांपुरतेंच होतें, ही गोष्ट आपण या आठवणींबरोबर आवर्जून सांगतों. तसें सांगण्यानें नायडूंच्या षट्कारांची उंची वाढतेच.

परंतु त्याच क्रिकेटच्या इतिहासांतली दुसरी एक गोष्ट आपण इतक्या उत्साहानें सांगत नाहीं. पालवणकर बाळू हे पुण्यास गोऱ्यांच्या क्लबांत खेळपट्टी राखीत आणि साहेबांना सरावासाठीं चेंडू टाकीत. ते चर्मकार समाजांतले होते. त्यांची गोलंदाजी पाहून पुण्याच्या हिंदू संघानें त्यांना खेळावयास घेतलें. मात्र चहाच्या सुट्टींत इतर खेळाडू आंत चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत, आणि ज्याच्या हातावर सामना अवलंबून तो बाहेर मातीच्या भांड्यांतून निराळा घेई. पुढें ते मुंबईस आले. १९०६ सालीं हिंदू संघानें गोऱ्यांच्या संघाला १०९ धांवांनीं हरविलें, त्यांत त्यांचा वांटा मोठा होता. १९११ सालच्या विलायतेच्या दौऱ्यांत त्यांनीं शंभराहून अधिक बळी घेतले. तरी हिंदू संघाचें नायकत्व त्यांच्या वांट्यास रीतसर आलें नाहीं. तो मान १९२३ सालीं त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांना मिळाला.

आतां प्रश्न असा कीं, त्या मातीच्या भांड्याचा दिवस कोणता? त्याचा वर्धापनदिन कोणत्या तारखेस पाळावयाचा? तो दिवस सांगतां येत नाहीं, कारण ती गोष्ट एका दिवसाची नव्हतीच. अपमान जोंवर अपवाद असतो तोंवर त्याची तारीख राहते. तो रिवाज झाला कीं त्याची तारीख पुसली जाते. आणि जे अन्याय रिवाज होण्याइतके पक्के झाले, तेच स्मरणांतून सर्वांत सहज निसटतात. रेल्वेचेंही पाहा. १६ एप्रिलच्या तोफा आपल्याला ऐकूं येतात. पण तोच लोहमार्ग पुढें बोरघाट चढून नेतांना, १८५६ ते १८६३ या वर्षांत, पटकीनें, तापानें आणि अपघातांनीं हजारों मजूर मेले, त्यांचा एकही दिवस आपल्या पंचांगांत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, आनंदाच्या दिवशीं हीं जुनीं दुःखें उकरण्यांत काय शहाणपण? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. प्रत्येक उत्सवाचें रूपांतर खटल्यांत करणारी वृत्ति आम्हांसही रुचत नाहीं. तिला दुसऱ्यांच्या दोषांतच गोडी असते. परंतु खटला चालविणें निराळें आणि हकीकत पुरती सांगणें निराळें. गोऱ्यांच्या जिमखान्याचें दार आम्हांला बंद होतें हें सांगण्यानें नायडूंच्या खेळीचा आनंद उणा होत नसेल, तर आमच्या चहाच्या पंगतीचें दार बाळूंना बंद होतें हें सांगण्यानेंही खेळाचा आनंद उणा होण्याचें कारण नाहीं. उणा होईल तो फार तर आमचा अभिमान.

या बाबतींत आपल्या पूर्वजांनीं एक शहाणी व्यवस्था करून ठेविली आहे. पितृपक्षांत ज्याचें श्राद्ध त्याच्या तिथीस करावयाचें. पण ज्यांची मृत्युतिथी ठाऊक नाहीं, त्यांच्यासाठीं शेवटची अमावास्या राखून ठेविली आहे. तिला आपण सर्वपित्री म्हणतों. तिथी ठाऊक नाहीं म्हणून पितर उपाशीं राहूं नयेत, इतका साधा न्याय तिच्या मुळाशीं आहे. धर्मविधीवर ज्यांचा विश्वास नाहीं त्यांनींही हा न्याय घेण्यास हरकत नाहीं. ऋण फेडावयाचें असेल तर त्याची तारीख सांपडेपर्यंत थांबण्याचें कारण नाहीं.

शहराच्या स्मरणासाठीं वेगळी अमावास्या नेमावी असें आमचें म्हणणें नाहीं. जे दिवस आहेत तेच पुरेसे आहेत. १६ एप्रिलला मुलांना पहिल्या गाडीची गोष्ट सांगतांना घाटांतल्या मजुरांची गोष्ट तिच्या जोडीस सांगावी. १ डिसेंबरला अकरा षट्कार मोजून झाल्यावर बाळूंचेंही नांव घ्यावें. घरांत एखाद्या वृद्धानें गिरणींत वा ट्रामवर उमेदीचीं वर्षें घालविलीं असतील, तर त्यांच्या रोजच्या कामाचा दिवस कसा असे, हें त्यांना त्या निमित्तानें विचारावें. आणि तेवढें झाल्यावर आपल्या स्वतःच्या घरांत रोज घडणाऱ्या, म्हणून कोणत्याही तारखेस न सांपडणाऱ्या गोष्टींकडे एकवार नजर टाकावी: आपल्याकडे काम करणाऱ्या बाईंचा चहाचा पेला आजही निराळा ठेविलेला असेल, तर त्याची दखल घेण्यास कोणताही वर्धापनदिन यावयाचा नाहीं.