घोड्याचं रगत, माणसाची जात

हा प्रश्न घोड्याचा आहे, पण तो गळ्यात पडतो माणसाच्या.

शिरपूरहून तापीच्या काठाकाठानं मावळतीला गेलं की शहादा तालुक्यात सारंगखेडा लागतं. दत्तजयंतीला तिथं यात्रा भरते, घोड्यांचा मोठा बाजार भरतो. मारवाडी, काठेवाडी, पांढरेशुभ्र नुकरा. चांगली रेवाल चालणारी, दमाची घोडी असली की मालकाला एकच चिंता: हिला वळू कोणता लावायचा? मग खानदान निघतं. बाप कोण, आजा कोण. आणि या बोलण्याच्या शेवटी कुणीतरी हमखास म्हणतो, "भाऊ, घोड्याचं रगत बघता ना? मग माणसाचं बघितलं तर काय बिघडलं?" आमच्या सूतगिरणीबाहेरच्या चहाच्या टपरीवरही मी हे ऐकलंय. आपली पोरं तिथं गप्प बसतात. ते गप्प बसणं मला धोक्याचं वाटतं.

गुण आईबापाकडून येतात, हे आधीच मान्य करू. उंची, हाडपेर, चाल, काही रोगसुद्धा. ते नाकारून वाद जिंकता येत नाही. पण जाणता माणूस वळू कसा निवडतो ते नीट बघा. तो नुसतं नाव बघत नाही. वळूचे पाय, खूर, स्वभाव बघतो. त्याची आधीची शिंगरं कशी निघाली ते विचारतो. घोडीत जे उणं आहे ते ज्याच्यात भक्कम आहे, असा नर शोधतो. दोघांत एकच खोड असली तर जोडी मोडतो. घोडी अकरा महिने गाभण राहते, एका वेळी बहुधा एकच शिंगरू देते. चुकीची निवड त्याला परवडत नाही.

आता सांगा, जातीनं असली परीक्षा कधी घेतली? भटाचा पोर नापास झाला म्हणून त्याची जात कुणी खाली आणली? आमच्यातला पहिला आला म्हणून कुणी वर चढवली? घोड्याला निदान पळून दाखवता येतं. आम्हांला रिंगणातच येऊ दिलं नाही, आणि निकाल मात्र हजारो वर्षांपूर्वी लावून ठेवला.

शुद्ध रक्ताचं म्हणाल तर शर्यतीचा थरोब्रेड घोडा घ्या. इंग्लंडात १७९१ साली त्याची वंशावळीची वही छापली गेली. आज त्या जातीतला प्रत्येक घोडा नराकडून तीनच वळूंपर्यंत जातो, आणि ते तिघं पूर्वेकडून, परमुलखातून आणलेले होते. तिथल्या घोड्यांशी त्यांचा संकर झाला. म्हणजे जगातलं सर्वांत 'खानदानी' जनावर जन्मलं ते मिसळीतून. वही नंतर बंद झाली. आमच्या गिरणीत मिक्सिंग खात्यात वेगवेगळ्या गाठींचा कापूस एकत्र करतात, तेव्हा सूत एकसारखं निघतं. कापूस कुठल्या गावचा, हे सुताची ताकद मोजणारं यंत्र विचारत नाही.

एडिंबरा विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी हजारो शर्यतींच्या घोड्यांचा हिशेब काढला. २००८ साली तो प्रसिद्ध झाला. घोड्यांच्या जन्मभरच्या कमाईत जो फरक पडतो, त्यातला रक्ताचा वाटा सुमारे दहा टक्के. बाकी खुराक, तालीम, स्वार, मालकाचा पैसा. त्याच्याही आधी, १९३८ साली, केंब्रिजच्या वॉल्टन आणि हॅमंड यांनी थोराड शायर आणि ठेंगण्या शेटलंड घोड्यांचा उलटसुलट संकर केला. दोन्हीकडे रक्त निम्मंनिम्मं. पण शायर आईच्या पोटचं शिंगरू जन्मतःच शेटलंड आईच्या शिंगराच्या जवळजवळ तिप्पट भरलं. फरक होता तो गर्भात मिळालेल्या जागेचा आणि पोषणाचा. आता गावकुसाबाहेरच्या उपाशी आईचं पोट आठवा, आणि मग 'रगत' हा शब्द उच्चारा.

बाबासाहेबांनी १९१६ सालीच दाखवलं होतं की जातीचा प्राण जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे. १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त त्यांनी वंशशुद्धीवाल्यांना रोकडा सवाल केला: जातीमुळं वंश सुधारत असेल तर एवढ्या शतकांनी त्याचं फळ कुठाय?

पण समजा, उद्या विज्ञानानं सिद्ध केलं की रक्ताचा वाटा दहा नाही, नव्वद टक्के आहे. तरी माझं उत्तर तेच राहील. घोड्याचा चांगुलपणा ठरवतो कोण? त्याच्यावर बसणारा. रेवाल चाल चांगली, कारण स्वाराची कंबर दुखत नाही. माणसाचा चांगुलपणा असा दुसऱ्याच्या सोयीनं ठरवता येत नाही. जो माणसाचं रगत तपासायला निघतो, त्यानं मनातल्या मनात खोगीर आधीच घातलेलं असतं. म्हणून तर आपण घोड्यावर बसलो की त्यांना राग येतो. २०१८ साली उत्तर प्रदेशात कासगंज जिल्ह्यातल्या निजामपुरात एका दलित नवरदेवाची वरात पोलीस बंदोबस्तात काढावी लागली.

आता शेवटचं, आणि ते आपल्याच घरातलं. मोर्च्यात जातीअंताची घोषणा देणारा आपला कार्यकर्ता मुलगी बघायला जातो तेव्हा पोटजात विचारतो. महार, मांग, चांभार यांच्यातल्या भिंती आपणही सारवत बसलोय. आपली वही आपणच बंद ठेवतोय. रक्ताच्या मिसळणीतूनच आपलेपणा येईल, म्हणून आंतरजातीय लग्न हाच खरा उपाय, हे बाबासाहेबांनी सांगितलं. ते फक्त बामणाला सांगितलेलं नाही.

टपरीवर उत्तर जरूर द्या. पण आधी घरच्या बैठकीत द्या. तिथं ते जास्त अवघड आहे.