एक चाक आणि कलम सतरा

पंक्चर हा अत्यंत प्रामाणिक प्रकार आहे. खिळा घुसतो, चाक बसतं, गाडी एका अंगावर कलते आणि सगळ्या गल्लीला समजतं, की अमक्याची गाडी बसली. लपवाछपवी नाही. माझं भांडण आहे ते हळूहळू उतरणाऱ्या हवेशी. सोमवारी ३२ पौंड, गुरुवारी ३०, पुढच्या सोमवारी २८. चाकाकडे नुसतं बघितलंत तर ते धडधाकट. आठवड्याचा हिशेब घातलात तरच तूट दिसते.

पूर्वी चाकात ट्यूब असे. भोक पडलं तर ट्यूबला. रिमच्या अब्रूचा प्रश्न येत नसे. आता टायर थेट रिमच्या कडेवर बसतो आणि हवा कोंडून धरायची जबाबदारी त्या कडेवर. ही रिम अलॉयची, म्हणजे मुख्यतः ॲल्युमिनियमची असली, की दहाबारा पावसाळ्यांनंतर वरचं लॅकर सुटतं, आत ओल शिरते, धातूवर पांढरी भुकटी धरते आणि टायर नि रिम यांच्यात केसाएवढी फट पडते. लोखंडाचा गंज निदान तांबडा तरी असतो, लांबून दिसतो. हा गंज पांढरपेशा. आमच्या वर्गातला.

माझ्या गाडीच्या चारही चाकांना तो झाला होता. आमचं उचगाव (कोल्हापूरचं; बेळगावजवळचं निराळं) हायवेला लागून आहे, त्यामुळे पंक्चरवाल्यांची ददात नाही. मी दर आठवड्याला हवा मारून घेत असे. पेट्रोल पंपावर 'नायट्रोजन भरा, उतरत नाही' असा सल्ला मिळाला. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. उरलेल्यासाठी पैसे मोजायला मी कॉमर्सचा पदवीधर उगीच झालो नाही. शेवटी पंक्चरवालाच कंटाळला.

"सायेब, नुसती हवा मारून काय हुतंय? चाकं खोला की एकदा."

त्याने टायर उतरवले, रिमच्या कडा वायर ब्रशने नि पॉलिश पेपरने धातू लागेपर्यंत घासल्या, प्रायमर मारला, सीलर लावला, व्हॉल्व्ह नवे घातले. मग एकेक चाक पाण्याच्या टाकीत बुडवलं. तीन चाकं मुनीसारखी गप्प. चौथं, मागचं डावं, बोलायला लागलं. बुडबुडे कडेतून नव्हतेच. आतल्या अंगाला, दांड्याच्या मुळाशी, मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक शांतपणे वर येत होते.

कोल्हापुरात कास्टिंगबद्दल मत नसलेला माणूस मिळणं कठीण. आमचे शेजारी तर शिरोलीच्या फौंड्रीतून रिटायर झालेले. त्यांनी चाक मांडीवर घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "पोरॉसिटी. वितळलेला धातू थंड होताना आत बारीक छिद्रं राहतात. रंग होता तोवर झाकलं गेलं. आता रंग म्हातारा झाला, हवेला वाट मिळाली."

"वेल्डिंग?"

"मारणारे मारतात. पण अलॉयला तेवढा ताप दिला की त्या जागेची ताकद जाते. भांड्याला मारा, चाकाला नको. चाक बदला."

आता गंमत अशी, की गाडी मला विकायची होती. विकायच्या गाडीला नवं चाक म्हणजे निघालेल्या भाडेकरूने घराला रंग देण्यासारखं. बँकेतल्या आमच्या मित्रमंडळाने एकमुखाने ठराव केला : गिऱ्हाईक येणार त्या सकाळी ३२ हवा मारायची आणि गप्प बसायचं. यात नवीन काही नाही. ३१ मार्चला आलेली आणि १ एप्रिलला गेलेली ठेव आम्ही डोळ्यांनी पाहिलेली माणसं. त्याला विंडो ड्रेसिंग म्हणतात. इथे विंडोऐवजी चाक, एवढंच.

शिवाय कायदाही बाजूने होता. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १७. नुसतं गप्प बसणं म्हणजे फसवणूक नव्हे, असं तिथे म्हटलेलं आहे, आणि उदाहरणाला एक घोडा दिला आहे. 'अ' घोडा लिलावात विकतो, त्यात खोट आहे हे त्याला ठाऊक आहे, तो बोलत नाही. फसवणूक नाही. बी.कॉम.ला असताना या घोड्यावर मी पाच मार्क मिळवले होते. पण त्या घोड्यामागून आणखी दोन घोडे येतात, ते मी विसरलो नव्हतो. दुसऱ्यात घेणारी 'अ'ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. तिथे सांगणं हे कर्तव्य. तिसऱ्यात घेणारा म्हणतो, 'तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा चांगला आहे असं मी समजेन'. तिथे गप्प बसणं हेच बोलणं.

म्हणजे कायद्याच्या मते खरं सांगायचं की नाही हे घोड्यावर नसून नात्यावर आहे. परक्याला खोटा घोडा चालतो, मुलीला चालत नाही. घोडा दोघांनाही सारखाच पाडणार, हा भाग वेगळा.

धर्मराजाचं बरं होतं. त्याचा रथ जमिनीच्या चार अंगुळं वरून चालायचा आणि अश्वत्थाम्याबद्दल अर्धवट बोलल्याबरोबर खाली आला. हवा गेल्याचं ताबडतोब कळलं. आमचं चाक रस्त्यालाच टेकलेलं. खाली येणार तरी किती?

गिऱ्हाईक म्हणून आला तो गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतला एक पोरगा. बायको पुण्याला नोकरीत, लहान बाळ तिकडेच. दर शनिवारी पुणं गाठायचं, म्हणजे सव्वादोनशे किलोमीटरच्या वर हायवे, येताना पुन्हा तेवढाच. मी मनात हिशेब मांडला. हवा कमी असलेला टायर धावताना कडेला दुमडतो, दुमडून तापतो आणि तापून फुटतो. आणि फुटतो तो वेगात असताना. उचगाव ते गांधीनगर भाजी आणायला जाताना नव्हे.

त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "काका, तुमी बँकेतली मानसं. तुमी काय बोलत न्हाई म्हंजे गाडी ओक्केच असनार."

काका! एका वाक्यात त्याने दुसरा आणि तिसरा, दोन्ही घोडे अंगणात आणून बांधले.

मी सांगितलं. मागचं डावं चाक आठवड्याला चार पौंड सोडतं, दुरुस्त होणारं नाही, बदलावं लागेल, त्याचे पैसे किमतीतून वळते कर. मला वाटलं, पोरगा गहिवरेल. तो गहिवरला नाही. त्याने माझ्याकडे बारीक डोळे करून पाहिलं, मोबाईलची बॅटरी लावली आणि गाडीखाली शिरला. ज्या माणसाने न विचारता एक खोट सांगितली, त्याने न सांगितलेल्या किती असतील, असा त्याचा सरळ हिशेब. अर्धा तास त्याचे फक्त पाय दिसत होते. मंडळी हळूच म्हणाली, "अहो, गिअर कडक पडतो तेही सांगून टाका. नाहीतर खालनं येऊन तोच विचारील."

तेही सांगितलं.

आता रविवारी तो मेस्त्रीला घेऊन येणार आहे. आज गुरुवार. चाकात ३० आहे. हवा मी मारलेली नाही.