सन्मान जमिनीचा की श्रमाचा?

शासनाने गरजूंना साह्य करावे, हे तत्त्व आता सर्वमान्य आहे. गरजू कोण, हे ठरवावे कशाने, याविषयी मात्र एकमत नाही. हा प्रश्न केवळ प्रशासनाचा समजला जातो. आमच्या मते तो मुळात नीतीचा प्रश्न आहे. आणि आम्हा बीदर-कलबुर्गी सीमाभागातील लोकांना तो जितका लख्ख दिसतो, तितका क्वचितच अन्यत्र दिसत असेल.

भालकी तालुक्यातील मेहकरच्या अल्पभूधारकाचे उदाहरण घेऊ. सोयाबीन, तूर, उडीद ही त्याची पिके. पंतप्रधान किसान सन्मान निधीतून त्याच्या कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळतात. कर्नाटक शासनाने २०१९ मध्ये त्यात ४,००० रुपयांची भर घातली होती. ती २०२३ मध्ये बंद झाली. शेजारच्या लातूर जिल्ह्यातील शेतकऱ्याला मात्र २०२३ पासून महाराष्ट्र शासनाच्या 'नमो शेतकरी' योजनेतून आणखी ६,००० रुपयांची तरतूद झाली. पूर्वेला तेलंगणात झहीराबाद, नारायणखेडकडे गणित निराळेच. तेथे २०१८ पासून एकरी साह्य दिले जाऊ लागले आणि २०२५ मध्ये त्याचा दर वर्षाला एकरी १२,००० रुपये जाहीर झाला. पाऊस तोच, बाजारभावही जवळजवळ तेच. गरज मोजण्याची मापे मात्र तीन.

या मापांमागे न्यायाच्या वेगवेगळ्या कल्पना आहेत. केंद्राची योजना प्रत्येक भूधारक कुटुंबाला सारखे देते. तेलंगणाची पद्धत जमिनीच्या प्रमाणात देते. म्हणजे ज्याच्याकडे अधिक, त्याला अधिक. आरंभी केंद्राच्या योजनेला दोन हेक्टरांची मर्यादा होती. ३१ मे २०१९ रोजी ती उठली. उरली ती वगळण्याची यादी : आयकर भरणारे, चतुर्थ श्रेणी वगळता शासकीय सेवक, दरमहा १०,००० रुपये वा अधिक निवृत्तिवेतन घेणारे, व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, अभियंते इत्यादी.

ही यादी अन्यायाची आहे, असे आम्ही म्हणत नाही. महिन्याच्या महिन्याला ज्याच्या घरी वेतन येते, त्याने आभाळाकडे पाहणाऱ्याच्या वाट्यात हात घालू नये, हे योग्यच आहे. परंतु शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त असल्याने त्याची नोंद कोठेच होत नाही. त्यामुळे दोन एकर कोरडवाहू असलेला निवृत्त शिक्षक वगळला जातो आणि पन्नास एकर बागायतीचा धनी, अन्य उत्पन्न नसेल तर, पात्र ठरतो. येथे गरज मोजली जात नाही. जे कागदावर मोजता येते, तेवढेच मोजले जाते.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. दुसऱ्याची जमीन बटईने वा ठोक्याने करणारा या हिशेबात कोठेच नाही. बी-खताचे कर्ज त्याचे आणि पीक बुडाले तर बुडणाराही तोच. पण पहाणीवर नाव मालकाचे. कर्नाटकाने १९७४ च्या दुरुस्तीने कुळवहिवाट मोडून कसणाऱ्याला जमीन देण्याचे मोठे काम केले. त्याच कायद्याने, सैनिकांसारखे अपवाद वगळता, जमीन खंडाने देणे निषिद्ध ठरले. व्यवहार थांबला नाही, तो तोंडी झाला. ज्या कायद्याने कालच्या कुळाला मालक केले, त्याच्याच छायेत आजचा कसणारा अदृश्य झाला. नवऱ्याच्या नावच्या शेतात आयुष्य वेचणाऱ्या स्त्रीचीही स्थिती फारशी वेगळी नाही.

यावर आक्षेप असा, की कागदाविना पडताळणी करावी कशी? खोटे दावेदार उभे राहतील. आक्षेप खरा आहे. पण अपात्राला मिळणे आणि पात्राला न मिळणे, या दोन चुका आम्ही समान मानत नाही. पहिल्या चुकीत कोशागाराचा पैसा जातो व तो वसूल करता येतो. अपात्रांकडून अशी वसुली काढलीही गेली आहे. दुसऱ्या चुकीत एका घराचा हंगाम जातो, आणि तो कोणालाच परत आणता येत नाही.

शिवाय वाट अगदीच नाही, असेही नाही. ओडिशाच्या 'कालिया' योजनेने २०१९ मध्ये वाटेकरी व भूमिहीन कुटुंबांचा विचार केला. आंध्र प्रदेशाने त्याच वर्षी कायदा करून, मालकीला धक्का न लावता, कसणाऱ्याशी अकरा महिन्यांचा लेखी करार करण्याची सोय केली. या प्रयत्नांत उणिवा असतील. तरी मालकाचे भय आणि कसणाऱ्याचा हक्क यांचा मेळ घालता येतो, एवढे त्यांनी दाखविले. गावात कोण कोणाचे शेत करतो, हे सर्वांना ठाऊक असते. ग्रामसभेने ते दरवर्षी नोंदवावे आणि त्या नोंदीने मालकीहक्क निर्माण होणार नाही, असे कायद्याने स्पष्ट म्हणावे.

साह्याला 'सन्मान' हे नाव शासनानेच दिले आहे. सन्मान जमिनीचा असेल, तर आजची व्यवस्था पुरेशी आहे. तो श्रमाचा असेल, तर ज्याच्या नावे गुंठाही नाही अशा कसणाऱ्यापासून यादी सुरू व्हावयास हवी. आम्हाला दुसरा अर्थ खरा वाटतो.